विश्लेषण : छोट्या उद्योगाला ‘एचआर’ कशाला हवे?

माझगाव डॉक या नवरत्न कंपनीत शिकाऊ उमेदवारांची स्वतंत्र प्रशाला आहे. माझगावातल्याच आठ-दहा जणांच्या वर्कशॉपमध्ये मात्र भरती, पगारवाढ, रजा हे सारे मालकाच्या डोक्यात असते. याचा धंद्याच्या कामगिरीवर परिणाम होतो का?

मालकांची समजूत काय?

त्यांच्या लेखी मनुष्यबळ व्यवस्थापन म्हणजे बहुधा कागदपत्रे. कारखान्यात १० कामगार झाले की ईएसआय, २० झाले की पीएफ. मग संख्या त्याआतच ठेवण्याकडे कल. रोज शंभर रुपये जास्त मिळतात म्हणून जुना टर्नर निघून जातो. नवा माणूस शिकेपर्यंत वाया गेलेला माल आणि हुकलेली मुदत कोणत्याच वहीत नोंदली जात नाही. त्यामुळे माणूस टिकवण्याचा खर्च दिसतो, गमावण्याचा दिसत नाही.

पुरावा काय सांगतो?

स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तारापूर व उंबरगावच्या कापड कारखान्यांत प्रयोग केला. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. काही कारखान्यांना पाच महिने मोफत सल्लागार दिले. दर्जा, साठा, यंत्रे, विक्री आणि मनुष्यबळ अशा ३८ पद्धतींवर काम झाले. पहिल्या वर्षी उत्पादकता १७ टक्के वाढली. हे कारखाने माझगावच्या गाळ्यांपेक्षा बरेच मोठे, आणि सारी वाढ ‘एचआर’ची नव्हे, हे ध्यानात ठेवायला हवे. पण त्यातले एक निरीक्षण गाळ्यालाही लागू पडावे. कंपनी किती मोठी होणार हे घरात कर्ते पुरुष किती यावर ठरत होते, कारण बाहेरच्या व्यवस्थापकावर मालकांचा विश्वास नव्हता. (मुलींचा विचारच नाही, हे वेगळे सांगायला नको.)

बदल टिकला का?

आठ-नऊ वर्षांनी संशोधक परतले, तेव्हा सुमारे निम्म्या पद्धती सोडून दिलेल्या आढळल्या. व्यवस्थापक बदलले आणि मालकांना वेळ नव्हता, ही प्रमुख कारणे. तरीही हे कारखाने इतरांच्या पुढेच होते.

आता काय बदलेल?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यावे लागेल. मुदतीच्या करारावरील कामगाराला पाचऐवजी एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळेल. कागद वाढतील, हे नक्की. मात्र मालक गावी गेल्यावर कोटेशनवर सही कोणी करायची, हे कोणतीही संहिता ठरवून देत नाही.