पेंद्या कोणाचा?

भागवताच्या दहाव्या स्कंधात कृष्णाच्या सवंगड्यांची नावे येतात: श्रीदामा, सुबल, स्तोककृष्ण. पेंद्या तिथे नाही. तो आपल्या मातीतला, संतांच्या रचनांतून आणि तमाशाच्या गवळणीतून वाढलेला. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडवली जाते, तेव्हा कृष्णाच्या बाजूने हुज्जत घालायला पेंद्याच लंगडत पुढे येतो. समोर उभी असते मावशी. तीही आपल्याच लोकांनी घडवलेली.

लेखकाचे स्वतःचे पात्र आणि पेंद्यासारखे चाहत्यांनी घडवलेले पात्र, हा या अंकाचा विषय. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे किंवा चिं. वि. जोशींचा चिमणराव यांना प्रत्येकी एकच जन्मदाता आहे. कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइटचा हक्क टिकतो. चिं. वि. १९६३ साली गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कथांवरचा हक्क २०२३च्या अखेरीस संपला. चिमणरावाला आज कुणीही नवा शेजारी देऊ शकतो, म्हणून हा विषय आत्ता घेतला. चाहत्याचे पात्र आम्ही कमी प्रतीचे मानत नाही. मात्र मूळ लेखकाचे नाव वर ठळक हवे, याबाबत आमचा आग्रह आहे.

तामलवाडी-तुळजापूर भागातल्या वाचकांकडून आम्हाला विशेष अपेक्षा आहे. गवळण, भारूड, गोंधळ तुम्ही जवळून पाहिले आहेत. तुमच्या गावचा पेंद्या काय बोलायचा, मावशी त्याला कसे गप्प करायची, ते सविस्तर लिहून पाठवा. तुम्ही स्वतः रचलेले एखादे पात्र असेल, तर तेही.