समुद्र वजन विचारत नाही

वऱ्हाडाला परदेशी माल पाठवण्याची सवय जुनी आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर आमच्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. अकोला, खामगाव, अमरावतीच्या बाजारांतला कापूस मुंबई बंदराकडे धावू लागला. प्रेसमधून निघालेल्या प्रत्येक गठाणीवर खूण असे, तिचे वजन नोंदलेले असे आणि तिच्यामागे कागद असे. माल जाई, घरे मात्र इथेच राहत. शिकायला गेलेला माणूसही परत येई. पापळचे पंजाबराव देशमुख १९२० साली विलायतेला गेले, बॅरिस्टर होऊन परतले आणि त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हे चक्र उलटे फिरले. मुले दोन सुटकेसी घेऊन गेली आणि तिकडचीच झाली. इकडे आई किंवा वडील एकटे उरले की घर विकायचे ठरते, आणि मग अख्खे घरच गठाण होऊन निघते. पुण्या-मुंबईची मूव्हर कंपनी माणसे धाडते. दोन दिवसांत चाळीस वर्षांचा संसार खोक्यांत जातो. ट्रक साडेसहाशे किलोमीटरांहून अधिक अंतर कापून मुंबईकडे जातो, न्हावाशेवा बंदरातून कंटेनर सुटतो. मौज अशी की, कापसाच्या गठाणीमागे जेवढा विचार होता तेवढाही या घरामागे नसतो.

मी बँकेत तीन तपे काढली. तारणाच्या याद्या तपासण्यात माझे डोळे गेले. गोदामातली पोती, जिनिंगची यंत्रे, शेतकऱ्याच्या बायकोच्या पाटल्या, सगळ्यांची यादी मी पाहिली आहे. त्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. घर परदेशी न्यायचे असेल तर कंपनीचा माणूस दारात येण्यापूर्वी घराची यादी घरात झाली पाहिजे, आणि ती करताना पेन त्या घरात ज्या बाईने आयुष्य काढले तिच्या हाती असले पाहिजे.

हे भावनेच्या भरात म्हणत नाही. आधी हिशेब पाहू. विमान वजन विचारते, समुद्र जागा विचारतो. जहाजाने जाणाऱ्या घरसामानाचे भाडे साधारणपणे घनमीटरावर ठरते. वीस फुटी कंटेनरात सुमारे तेहतीस घनमीटर जागा असते. तेवढे सामान नसेल तर दुसऱ्यांच्या सामानाबरोबर वाटणीत जागा घेता येते. म्हणजे तीन माणसांचा सोफा दीड-दोन घनमीटर जागा अडवून भरपूर भाडे खातो, आणि ‘फार जड आहे’ म्हणून आपण ज्याला नाकारतो तो पाटा-वरवंटा कोपऱ्यात जवळजवळ फुकट जातो. आपली मुले विमानाच्या तेवीस किलोंच्या हिशेबात वाढलेली. तोच हिशेब ती समुद्राला लावतात आणि नेमके उलटे सामान निवडतात.

माझ्या धाकट्या बहिणीचे अकोल्यातले घर असेच गेले. मेहुणे वारल्यावर भाचा कॅनडाहून पंधरा दिवसांची रजा काढून आला. मुलगा गुणी, आईवर जीव टाकणारा. पण घेणारा रजिस्ट्रीसाठी थांबलेला, परतीचे तिकीट काढलेले. यादी त्याने आधीच फोनवर कंपनीशी बोलून पक्की केली होती. सोफा गेला, पाटा-वरवंटा राहिला. तिच्या सासूकडून आलेले पितळी घंगाळ, दोन तपेली आणि पुरणयंत्र एका खोक्यात गेले. खोक्यावर लिहिले होते, ‘किरकोळ भांडी, किंमत पंधराशे रुपये’. ते खोके वाटेत कुठे राहिले, ते अखेर कळले नाही. विमा उतरवलेला होता. पंधराशे रुपये लिहिलेल्या खोक्याची भरपाई पंधराशेच्या हिशेबाने मिळाली. मोडीत घातले असते तरी त्या पितळेचे याहून जास्त आले असते.

फोनवर ती मला म्हणाली, “दादा, भांडे गेले त्याचं मले एवढं काही नाही. पन मले कोनं इचारलंच नाही.”

ती विचारली गेली असती तर काय झाले असते? तिने पितळेचे वजन सांगितले असते. कुठले भांडे नेणार आणि कुठले जावेला देणार हे सांगितले असते. सोफा नकोच म्हणाली असती, कारण मुलाच्या दिवाणखान्यात एक आहेच हे तिने फोटोत पाहिले होते. सोनेतारणाच्या वेळी सोनार पाटलीची आठवण तोलत नसे, पण पाटली कोणाची आहे हे आम्ही विचारत असू आणि जिची आहे तिची सही घेत असू. घराच्या यादीवर एवढे तरी व्हायला हवे.

कायदाही अशीच यादी मागतो. कॅनडात कायम राहायला जाणाऱ्याने पहिल्यांदा उतरताना मागून येणाऱ्या सामानाची यादी कस्टमला द्यायची असते. यादीत नसलेल्या वस्तूवर पुढे जकात पडू शकते. जकात माफ व्हायला सामान वापरलेले लागते. अमेरिकेत घरसामानाला एक वर्षाच्या वापराची अट आहे, ब्रिटनमध्ये सहा महिन्यांची. म्हणून निघताना कोरा मिक्सर घेऊन खोक्यात टाकणे हा शहाणपणा नव्हे. शिवाय अमेरिका-कॅनडात घरात एकशेवीस व्होल्टची वीज असते. आपला दोनशेतीस व्होल्टचा मिक्सर तिथे जड ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय नीट चालत नाही.

काही गोष्टी जातच नाहीत, आणि त्या नेमक्या घराच्या मुळाशी असतात. तुळशीचे रोप आणि तिच्या कुंडीतली माती नेता येत नाही. बियाण्यांवर बंधने आहेत. सांडगे, कुरडया, लोणच्याच्या बरण्या कंपन्या बहुधा घेत नाहीत. घेतल्या तरी कंटेनर आठवडेच्या आठवडे उन्हात तापतो, रात्री निवतो आणि आतल्या पत्र्याला पाणी सुटते. त्याच पाण्याने कापसाची गादी कुबट होते. सामान बांधायच्या लाकडी पेट्यांनाही नियम आहे. लाकूड गाभ्यापर्यंत छप्पन्न अंशांवर तीस मिनिटे तापवून त्यावर शिक्का हवा. ऑस्ट्रेलियाला तर सागवानी कपाटात भुंग्याचे छिद्र दिसले तरी तपासणी आणि धुरी मालकाच्या खर्चाने होते.

आणखी एक कायदा आपल्याकडे अनेकांना ठाऊक नसतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, समई, नाणे पुरावस्तू ठरू शकते. हस्तलिखिताला मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. गुन्ह्याला सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कैद आहे. वस्तू जुनी दिसत असेल तर पुरातत्त्व खात्याचा दाखला आधी घ्यावा. अमरावती जिल्ह्यात याला विशेष अर्थ आहे. रिद्धपूर ही महानुभावांची भूमी. आमच्याकडच्या किती घरांत माळ्यावर कापडात गुंडाळलेल्या पोथ्या असतील! त्या ‘जुने कागद’ म्हणून खोक्यात पडता कामा नयेत आणि रद्दीतही जाता कामा नयेत. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे. अशा पोथीला तिथे जागा मिळते का, हे घर मोडण्यापूर्वी विचारायला काय हरकत आहे?

विम्याबद्दल दोन शब्द. मालकाने स्वतः भरलेल्या खोक्यातल्या मोडतोडीची भरपाई विमा कंपन्या सहसा देत नाहीत. मोलाची वस्तू कंपनीच्या माणसाकडून, पण आपल्या डोळ्यांसमोर भरून घ्यावी आणि ‘किरकोळ’ हा शब्द यादीत येऊच देऊ नये. समुद्राचा एक जुना न्यायही आहे. जहाज संकटात सापडले तर ते वाचवण्याचा खर्च सगळ्या मालधन्यांत वाटला जातो. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ सुएझ कालव्यात अडकले तेव्हा हेच झाले. ज्यांच्या मालाला ओरखडाही नव्हता त्यांनाही हमी दिल्याशिवाय माल मिळेना. विम्यात ही जोखीम धरली आहे का, आणि दरपत्रकात तिकडच्या बंदराचा व तपासणीचा खर्च आहे का, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत.

कोणी म्हणेल, मुलांना एवढा वेळ कुठे? खरे आहे, आणि मुलांना दोष देण्यात अर्थही नाही. पंधरा दिवसांच्या रजेत संसाराची वाटणी होत नसते. म्हणून हे काम आमच्या पिढीचे आहे. लॉकरची किल्ली कुठे ठेवली हे न सांगता गेलेली माणसे मी नोकरीत पुष्कळ पाहिली. घराच्या बाबतीतही आम्ही तेच करतो. ‘मी असेपर्यंत विषय काढू नका’ असे म्हणतो, आणि मग एक दिवस तो विषय खोकी बांधणाऱ्या परक्या पोराच्या हाती पडतो.

तेव्हा कोणी कुठे निघालेले नसताना, एखाद्या रिकाम्या दुपारी, दोनशे पानी वही घ्यावी. तीन रकाने आखावेत: जाणार, राहणार, देऊन टाकणार. राहणारे कोणाकडे आणि दिलेले कोणाला, तेही लिहावे. पितळ तोलावे, साड्या मोजाव्यात, पोथी उलगडावी. लिहिता लिहिता बायको भांडेल, एखादी वस्तू दोनदा खोडून पुन्हा लिहील. तिला लिहू द्यावे आणि आपण शेजारी बसून तोलायचे काम करावे. बँकेच्या भाषेत याला तारणाची पडताळणी म्हणतात, आणि ती कर्ज मागायच्या आधी करायची असते.