पेट्या किती वाटल्या, वसाहती किती टिकल्या?

खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१७ मध्ये ‘हनी मिशन’ हाती घेतले. २०२० मध्ये केंद्राने राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानासाठी ५०० कोटी रुपयांची घोषणा केली. अशा योजनांचे यश वाटलेल्या पेट्यांवर मोजणे सोपे असते. खरी कसोटी मात्र पावसाळ्यानंतर त्यांतील किती वसाहती जिवंत राहिल्या, ही आहे.

बेळगाव-खानापूरपासून सत्तरी-सांगेपर्यंतच्या सह्याद्री पट्ट्यात सातेरी मधमाशी पाळली जाते. धुवांधार पावसात फुलोरा आटतो, साठवलेला मध संपतो आणि माश्यांची संख्या रोडावते. नेमके तेव्हाच मेणपतंगाचे फावते. त्याची मादी पेटीच्या फटींत अंडी घालते. अळ्या जुनी पोळी पोखरत रेशमी जाळे विणतात आणि अखेर माश्या पेटी सोडून जातात.

यावर कीटकनाशक फवारणे म्हणजे रोगासह रोगीही मारणे होय. मधमाशी हाही कीटकच. शिवाय विषाचा अंश मेणात व मधात उतरतो. सशक्त वसाहत अळ्यांना स्वतःच बाहेर काढते. म्हणून पावसाळ्यापूर्वी जुनी, रिकामी पोळी काढणे, तळफळी नियमित साफ करणे, फटी बुजवणे, प्रवेशद्वार अरुंद करणे आणि टंचाईत साखरेचा पाक देणे, हाच खरा उपाय. गंधकाची धुरी द्यायचीच, तर ती माश्यांविना साठवलेल्या पोळ्यांनाच द्यावी.

मुंग्यांसाठीही विषारी भुकटी नको. पेटीच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की पुरते. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाचे आणि यंत्रभागांचे कारखाने आहेत. अशा लोखंडी घोड्या घडवणे तेथील कारागिरांच्या हातचा मळ आहे. अनुदानात पेटीसोबत घोडीचाही समावेश व्हावा.

१९९० च्या दशकारंभी थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाने कर्नाटक, केरळ व तामिळनाडूतील सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या. त्यावर औषध नव्हते. टिकाव धरला तो सशक्त वसाहतींनी. पेटी देऊन शासनाची जबाबदारी संपत नाही. पहिल्या पावसाळ्यात प्रशिक्षित मार्गदर्शकाने दारी येऊन पेटी उघडून पाहिली, तरच मधाचे उत्पन्न शेतकऱ्याच्या हाती लागेल आणि बागायतीतील परागीभवनही टिकेल.