अभिमान कुटुंबसंस्थेचा, भार एकट्या सुनेवर

‘स्मृतिभ्रंश ही पाश्चात्त्यांची व्याधी. आपल्याकडे कुटुंबसंस्था भक्कम आहे, आपल्याला तिचे भय नाही,’ असे छातीठोकपणे सांगणारे वक्ते आपल्या व्यासपीठांवर कमी नाहीत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने हा भ्रम दूर केला आहे. साठी उलटलेल्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख जण या विकाराने ग्रस्त असल्याचा तिचा अंदाज आहे. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण अधिक आहे. अकोल्यापासून जामखेडपर्यंत खेड्यापाड्यांत पसरलेल्या अहिल्यानगर जिल्ह्याने याकडे पाठ फिरवणे परवडणारे नाही.

मात्र गावोगावी या व्याधीला अजूनही ‘म्हातारचळ’ म्हणून हसण्यावारी नेले जाते. कोणी ती पूर्वकर्माची फळे मानतो. गीतेने सांगितलेला स्मृतिभ्रंश क्रोधातून उपजतो. हा मेंदूच्या पेशी झिजल्याने होतो. ज्या जिल्ह्यातील नेवाशात माउलींनी गीतार्थ मराठीत आणला, तेथे तरी ही गल्लत होऊ नये. जेवून उठलेली सासू ‘मला उपाशी ठेवले’ म्हणते, सुनेवर चोरीचा आळ घेते, मध्यरात्री दार उघडून चालू लागते. हा दुष्टावा नव्हे, आजार आहे. तिच्याशी वाद घालून उपयोग नसतो. शांतपणे तिचे लक्ष दुसरीकडे वळवावे लागते.

हे रात्रंदिवस करते कोण? बहुधा घरातील एकटी सून किंवा वृद्ध पत्नी. मुलगा औषधे आणून देतो, नातेवाईक सणाला येऊन सल्ले देतात आणि आपण सारे मिळून ‘भारतीय संस्कृती’चा जयजयकार करतो! एका स्त्रीच्या झोपेवर उभा असलेला हा अभिमान पोकळ आहे.

कायद्यावर सारी भिस्त ठेवणाऱ्यांचेही तितकेच चुकते. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने वृद्धांना निर्वाहखर्च मिळतो आणि त्यांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. परंतु थकलेल्या सुनेला दोन तासांची विश्रांती कोणताही कायदा देत नाही. घराचा आधार तुटला की काय होते, हे शिंगवे नाईक येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांच्या ‘माउली’ प्रकल्पात दिसते. रस्त्यावर बेवारस सापडलेल्या शेकडो मनोरुग्ण स्त्रियांना तेथे आश्रय मिळाला. त्या साऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्ण नव्हेत. पण ‘घरात नको’ हा निवाडा साऱ्यांच्या वाट्याला आला. धामणे दांपत्याला वंदन करावे आणि तेवढ्यावर आपले कर्तव्य संपले असे मानू नये.

१९५०च्या सुमारास याच जिल्ह्यातील प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला गेला. ऊस आणि दूध एकत्र आणणाऱ्या समाजाला सेवेचे तास एकत्र आणता येणार नाहीत काय? प्रत्येक वस्तीतील कार्यकर्त्यांनी अशी घरे शोधावीत. आठवड्यातून दोनदा दोन तास आजोबांपाशी बसावे, त्यांना फिरवून आणावे, वेळीच डॉक्टरांकडे न्यावे. मुलग्यांनी सेवेतील आपला वाटा स्वतः उचलावा. विस्मरण वृद्धांना झाले आहे, कर्तव्याचे विस्मरण समाजाला होता कामा नये. कुटुंबसंस्थेचा गौरव भाषणांतून पुष्कळ झाला. आता तो त्या सुनेला मिळालेल्या विश्रांतीवरून मोजला जावा.