दोन किलो तीनशे ग्रॅम

गेल्या शनिवारी माळा आवरायला घेतला आणि ती फाइल सापडली. फाइल कसली, गठ्ठाच! सहज म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघितली. दोन किलो तीनशे ग्रॅम भरली. माझ्या आणि बायकोच्या संसाराचं हे अधिकृत वजन.

आत काय काय आहे म्हणाल, तर लग्नाच्या दाखल्याच्या डझनभर प्रती, भाडेकरार, वीजबिलं, जॉइंट खात्याची स्टेटमेंट्स आणि फोटो. लग्नातले फोटो पुरत नाहीत असं एका जाणकाराने बजावलं होतं, 'रोजच्या जगण्यातले' पण लावा. म्हणून गणपतीत आरती करतानाचा एक, आईबरोबर मटार सोलतानाचा एक. शिवाय आमच्या चॅटचे प्रिंटआउट. त्यात मी पाठवलेली प्रेमाची वाक्यं शोधून शोधून दोन सापडली, बाकी सगळं 'येताना कोथिंबीर आण' आणि 'गॅस संपलाय'. तेच लावलं. आता वाटतं, लग्नाचा याहून पक्का पुरावा असूच शकत नाही.

बायको युरोपातली. ओळख ऑनसाइटला असताना झाली, लग्न पुण्यात, २०२२च्या डिसेंबरात, स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली. म्हणजे आधी नोटीस, मग ती नोटीस कार्यालयात लावायची आणि तीस दिवस वाट बघायची, कोणाला हरकत आहे का म्हणून. हरकत कोणाचीच नव्हती. घरच्यांची तर नव्हतीच नव्हती (आई फक्त एवढंच म्हणाली, 'तिला वरणभात आवडतो का रे?'). हरकत पुढे निघाली ती सरकारांची, आणि तीही दोन्हीकडच्या.

आधी आपलं घर बघू. भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी माणसाला इथे राहायला एंट्री व्हिसा मिळतो, त्याला एक्स व्हिसा म्हणतात. या व्हिसावर थेट नोकरी करता येत नाही. ओसीआय कार्ड हवं असेल, तर लग्नाची नोंदणी होऊन सलग दोन वर्षं झालेली पाहिजेत. नागरिकत्व हवं असेल, तर सात वर्षं वास्तव्य, आणि दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही, म्हणजे स्वतःचा पासपोर्ट सोडायचा. थोडक्यात काय, तर दोन पदव्या घेतलेली, कामाची सवय असलेली बाई पुण्यात आली आणि दोन वर्षं आमच्या बाल्कनीत तुळशीला पाणी घालत बसली. आमच्यात पहिलं मोठं भांडण कशावरून झालं असेल, सांगा? सासू-सून नाही, खाणंपिणं नाही, धर्म तर नाहीच. तिच्या स्वतःच्या पैशाने एक जोडी बूट घेता येईनात, यावरून झालं.

मधे पोलीस चौकशी झाली. आलेले हवालदार सभ्य होते, उगीच खोटं का बोला. त्यांनी शेजारच्या काकूंना विचारलं, 'हे दोघं एकत्रच राहतात ना?' काकू म्हणाल्या, 'अहो, भिंतीतून भांडणं ऐकू येतात की! एकत्रच राहत असणार.' हवालदारांनी मान डोलावली. काकूंचे आमच्यावर फार उपकार आहेत.

हसू येतं, पण आता दुसरी बाजू ऐका. २०२३मध्ये बायकोची आजी फार आजारी पडली. बायको पुढे गेली, मी व्हिसाचा अर्ज केला. रजेचं पत्र, पगाराच्या स्लिपा, परतीचं बुकिंग, सगळं जोडलं. नकार आला. कारण असं, की अर्जदार मुदतीत परत जाईल याची खात्री वाटत नाही. का वाटत नाही? तर बायको तिथली आहे! जी बायको इथे पुरावा म्हणून फाइलभर लावली होती, तीच तिथे माझ्याविरुद्धचा पुरावा झाली. आजीचा अंत्यविधी मी फोनच्या स्क्रीनवर पाहिला. बायको एकटी उभी होती. तिने नंतर एकदाही त्याबद्दल तक्रार केली नाही, हेच मला जास्त लागलं.

यात आणखी एक गंमत आहे. युरोपीय महासंघाच्या नियमाप्रमाणे तिथला नागरिक स्वतःच्या देशाबाहेर दुसऱ्या सदस्य देशात गेला, तर त्याच्या परदेशी जोडीदाराला व्हिसा सुलभ आणि विनाशुल्क द्यावा लागतो. म्हणजे आम्ही दोघं शेजारच्या देशात फिरायला गेलो असतो, तर काम सोपं होतं. पण तिच्या स्वतःच्या देशात, तिच्या स्वतःच्या आजीकडे जायचं म्हटलं की हा नियम लागू नाही. असा कोड जर माझ्या टीममधल्या एखाद्या फ्रेशरने लिहिला असता, तर मी रिव्ह्यूलाच परत पाठवला असता.

आणि हे काही अपवादात्मक प्रकरण नाही. १९९२मध्ये युरोपीय न्यायालयात एक खटला निकाली निघाला, तो आपल्याच एका माणसाच्या नावाने ओळखला जातो: सुरिंदर सिंग. बायको ब्रिटिश, दोघं काही वर्षं जर्मनीत काम करून ब्रिटनला परतले. न्यायालयाने म्हटलं, परतताना त्याला युरोपीय कायद्याचं संरक्षण मिळालं पाहिजे. तेव्हापासून कित्येक ब्रिटिश लोक स्वतःच्याच देशात जोडीदाराबरोबर राहता यावं म्हणून आधी दुसऱ्या देशात राहून येत. ब्रेक्झिटने ती वाट बंद केली. डेन्मार्कने २००२मध्ये नियम केला की परदेशी जोडीदार आणायचा, तर दोघांनी चोविशी गाठलेली पाहिजे. मग डॅनिश जोडपी पुलापलीकडे स्वीडनच्या माल्मोत जाऊन राहू लागली. जर्मनीत तर अजून मजा. पुण्यात जर्मन शिकणाऱ्या कोणालाही विचारा, वर्गात नव्या नवऱ्या असतात, ए-वन पास झाल्याशिवाय नवऱ्याकडे जाता येत नाही म्हणून. २००७पासूनचा हा नियम. पण ब्लू कार्डवर गेलेल्या भारतीय इंजिनिअरच्या बायकोला ही परीक्षा माफ आणि साध्या जर्मन नागरिकाच्या भारतीय बायकोला सक्तीची!

ब्रिटनचा नियम तर सरळ पैशाचा आहे. २०१२मध्ये ठरलं की जोडीदाराला बोलवायचं, तर वर्षाला १८,६०० पौंड उत्पन्न पाहिजे. ११ एप्रिल २०२४पासून तो आकडा २९,००० झाला. परदेशातून येणाऱ्या जोडीदाराची तिकडची कमाई साधारणपणे त्यात धरतच नाहीत. म्हणजे पुण्यात ती बख्खळ कमावत असेल आणि तो तिकडे शाळेत मदतनीस असेल, तर दोघांनी आपापल्या खंडात राहायचं. श्रीमंताचं प्रेम खरं आणि गरिबाचं संशयास्पद, हे कायद्याच्या पुस्तकात इतक्या स्वच्छपणे लिहिलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

हा संशय जुना आहे. १९७९मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची 'कौमार्य चाचणी' करण्यात आली, ती खरंच अविवाहित आहे का हे बघायला. आज ते वाचून अंगावर काटा येतो. पण त्यामागचा विचार नीट बघा: समोरची बाई खोटं बोलत असणार, तिने उलट सिद्ध करावं. हत्यार बदललं, विचार तोच राहिला. १९९७पर्यंत ब्रिटनमध्ये अर्जदाराला सिद्ध करावं लागे की लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये येणं हा नाही. नसलेला हेतू कसा सिद्ध करायचा हो? माझ्या डोक्यात बग नाही हे मी कसं दाखवू?

आता तुम्ही म्हणाल, खोटी लग्नं होतातच की! होतात. पैसे घेऊन होतात, एजंट लावून होतात, मला मान्य आहे. सुरक्षेचा प्रश्नही खोटा नाही. पण आपण सॉफ्टवेअरवाले आहोत, फॉल्स पॉझिटिव्ह काय असतं हे आपल्याला कळतं. थोडी स्पॅम येते म्हणून सगळ्यांचीच मेल दोन वर्षं अडवून ठेवणाऱ्या फिल्टरला कोणी चांगला फिल्टर म्हणत नाही. चौकशी करा, घरी या, काकूंना विचारा. पण चौकशी चालू असताना माणसाला जगू द्या, काम करू द्या.

आणि दुसरा, जास्त गंभीर मुद्दा. राहण्याचा हक्क जोडीदारावर टांगून ठेवला, की खोटी लग्नं थांबोत न थांबोत, वाईट जोडीदाराच्या हातात मात्र काठी येते. परदेशात नेऊन टाकून दिलेल्या आपल्याकडच्या मुलींच्या कहाण्या प्रत्येकाच्या नात्यागोत्यात एखादी तरी आहे. 'गप्प बस, नाहीतर परत पाठवीन' या एका वाक्यावर किती मारहाण पचवली गेली असेल! तेव्हा आपण तिकडच्या नवऱ्यांना शिव्या देतो. पण आपल्या नागरिकत्व कायद्यात काय आहे? लग्नामुळे मिळालेलं ओसीआय घटस्फोट झाला की रद्द करता येतं. इथे पंधरा वर्षं राहिलेली, इथली मुलं वाढवलेली बाई नवऱ्यापासून सुटायला निघाली, तर तिच्या डोक्यावर ही टांगती तलवार. मग तीही गप्पच बसणार.

सगळ्यात वाईट अवस्था अर्थातच सीमेपलीकडे नातं जुळलेल्यांची. २०२५च्या एप्रिलमध्ये पहलगामचा हल्ला झाला, सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा रद्द केले. अटारीला काय झालं ते आपण टीव्हीवर पाहिलं: आईचा पासपोर्ट भारताचा, मुलांचा पाकिस्तानचा, आणि मधे फाटक. हल्लेखोरांबद्दलचा राग माझ्याही मनात तेवढाच होता. पण त्या पोरांनी काय केलं होतं?

आमच्या घरी या विषयावर बोलणं निघालं की माझे काका म्हणतात, 'परदेशी माणसाला कुठलाही देश का म्हणून ठेवून घेईल? हक्क थोडाच आहे तिचा!' काका, तिचा सोडा, माझा आहे ना! मी या देशाचा नागरिक आहे, कर भरतो, मतदान करतो. स्वतःच्या देशात स्वतःच्या बायकोबरोबर राहणं हा माझा हक्क आहे की सरकारने माझ्यावर केलेली मेहरबानी? हा परदेशी माणसांचा प्रश्न आहे असं आपण समजतो, तिथेच फसतो. प्रत्येक अशा अर्जाच्या एका टोकाला त्या देशाचा एक नागरिक उभा असतो.

मागणी फार मोठी नाही. लग्नाची नोंदणी झाली की राहण्याची आणि काम करण्याची परवानगी लगेच द्या, चौकशी त्या काळात करा. नाकारायचं असेल, तर या जोडप्याविरुद्धचा पुरावा दाखवून नाकारा, साऱ्या जोडप्यांवरच्या संशयावरून नको. उत्पन्नाची अट दोघांच्या मिळून कमाईला लावा. आणि काही वर्षं राहिलेल्या माणसाचा हक्क घटस्फोटाने जाऊ देऊ नका. युरोपाला आपण शिकवू शकत नाही, पण स्वतःच्या घरात एवढं करायला कोणी अडवलेलं नाही.

असो. बायकोला २०२५मध्ये ओसीआय मिळालं, आता ती नोकरी करते आणि बूटही स्वतःच्या पैशाने घेते (जरा जास्तच घेते). मी म्हटलं, 'फेकून देऊ या का ही फाइल रद्दीत?' ती म्हणाली, 'नको रे, अजून लागेल.' खरंच आहे. तिचा पासपोर्ट नवा झाला की प्रत्येक वेळी आमचं लग्न अजून टिकून असल्याचं पुन्हा लिहून द्यायचंय. लग्न टिकेल याची मला खात्री आहे. फाइल मात्र परत माळ्यावर टाकली.