हंगामाची शेवटची मैफल लोणावळ्यात का नको?

मुंबईच्या ‘एनसीपीए’त २००६ मध्ये स्थापन झालेला ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ वर्षाला दोन हंगाम करतो. मावळातल्या रसिकाला ते ऐकायचे तर नरिमन पॉइंट गाठावा लागतो. शेवटची रचना सुरू होते, तेव्हा लक्ष परतीच्या गाडीकडे असते.

मोठा ऑर्केस्ट्रा आणणे परवडेल?
अवघड आहे. पण चेंबर ऑर्केस्ट्रा लहान असतो. शोनबर्गची १९०६ ची पहिली ‘चेंबर सिम्फनी’ अवघ्या १५ वादकांची आहे. शाळेचे सभागृहही पुरेल.

काय वाजवावे?
आधी शोनबर्ग, सांगतेला हायडनची ४५वी सिम्फनी (१७७२). संस्थानिकाचा उन्हाळी मुक्काम लांबला, वादकांना घरची ओढ लागली. म्हणून हायडनने शेवटी एकेक वादक उठून जाईल अशी रचना केली. संस्थानिकाला इशारा कळला, असे सांगतात.

ऐकणार कोण?
रात्रभर भजनात रंगणाऱ्या मावळाला हा प्रश्न विचारूच नये. नगरपरिषदेने सभागृह द्यावे, ऑर्केस्ट्राने एक संध्याकाळ. तिकीट लोकलने येणाऱ्याला परवडेल इतके ठेवावे. मग मैफल अर्धवट सोडून कुणाला उठावे लागणार नाही. उठतील ते फक्त हायडनचे वादक.