माप तपासणारा माणूस

वीजबिल घरात आले की सर्वांची नजर आधी भरायच्या रकमेवर जाते. मग कुणी फ्रिजला दोष देतो, कुणी मुलांच्या खोलीतल्या पंख्याला. पण एका युनिटचा दर ठरवला कोणी, हे सहसा कुणी विचारत नाही. आम्ही वर्गात विचारले की मुले म्हणतात, "सरकारने." मोठ्यांना विचारले की उत्तर येते, "लाइटवाल्यांनी." दोन्ही उत्तरे बरोबर नाहीत. म्हणून या महिन्यात एका अशा माणसाच्या कामाविषयी लिहीत आहोत, जो आपल्याला कधी दिसत नाही, पण ज्याच्या कामाचा परिणाम प्रत्येक घराच्या बिलावर होतो. तो म्हणजे वीज नियामक आयोगातील वरिष्ठ अभियंता.

आपल्या राज्यात विजेचा दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. १९९८ च्या केंद्रीय कायद्यानुसार ऑगस्ट १९९९ मध्ये हा आयोग स्थापन झाला. आज तो २००३ च्या विद्युत कायद्यानुसार काम करतो. २००५ मध्ये जुन्या वीज मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या. महावितरण आपला खर्च आणि हवा असलेला दर आयोगापुढे मांडते. आयोग तो तपासतो, लोकांचे म्हणणे ऐकतो आणि आदेश देतो. सरकारला एखाद्या वर्गाला त्याहून स्वस्त वीज द्यायची असेल, तर फरकाची रक्कम सरकारने स्वतः भरावी, असे कायदा सांगतो.

या तपासणीची गरज का पडते? ईटच्या बाजारात एका दुकानात साखर महाग वाटली, तर आपण शेजारच्या दुकानात जातो. विजेसाठी शेजारचे दुकान नाही. जिथे विकणारा एकच असतो, तिथे माप तपासणारा तिसरा माणूस लागतोच. आपल्या वाचकांना ही कल्पना नवी नाही. मुस्लिम राज्यांत बाजारातील वजने-मापे तपासण्यासाठी मुहतसिब नेमला जाई. अकराव्या शतकातील विद्वान अल-मावर्दी यांच्या राज्यकारभारावरील ग्रंथात या कामावर स्वतंत्र प्रकरण आहे. कुरआनातील एका सूरतीचे नावच माप मारणाऱ्यांवरून पडले आहे. मीटर हाही एक तराजूच आहे, आणि दराचा प्रस्ताव हे त्याहून मोठे माप आहे.

तपासणी नसली की काय होते, हे महाराष्ट्राने एन्रॉनच्या वेळी पाहिले. दाभोळच्या प्रकल्पातून वीज घेण्याचा करार वीज मंडळाने १९९३ मध्ये केला. तेव्हा आयोग नव्हता. वीज येऊ लागली तेव्हा ती इतकी महाग पडली की २००१ मध्ये मंडळाने ती घेणेच थांबवले. राज्य सरकारच्या माधव गोडबोले समितीनेही या व्यवहारावर कडक टीका केली. सही झाल्यानंतर हिशेब तपासून फारसा उपयोग नसतो, हा त्यातला धडा.

आता अभियंत्याचे काम पाहू. हा अभियंता खांबावर चढत नाही. कंपनी म्हणते, अमुक उपकेंद्र बांधायचे आहे. तो विचारतो: तिथे भार खरोखर वाढला आहे का? किंमत वाजवी आहे का? मागच्या वेळी मंजूर झालेले काम पूर्ण होऊन वापरात आले का? कंपनी म्हणते, इतकी वीज विकत घ्यावी लागली. तो पाहतो की स्वस्त वीज उपलब्ध असताना महाग वीज तर घेतली नाही ना. अडलेले घर किंवा बंद पडलेले रोहित्र, म्हणजे आपली डीपी, किती वेळात दुरुस्त व्हावी याची मानकेही आयोगच ठरवतो. त्या मानकांमागे अशाच अभियंत्यांचा अभ्यास असतो. मात्र सर्वांत अवघड प्रश्न असतो तो गळतीचा.

हे गणित आम्ही आठवीच्या मुलांना फळ्यावर मांडून दाखवतो. समजा, तारांमध्ये १०० युनिट सोडले. मीटर असलेल्या ग्राहकांनी ६० वापरले. उरलेले ४० गेले कुठे? कंपनी सांगते, शेतीपंपांनी २५ वापरले, १५ ची गळती झाली. पण पंपांना मीटर नसेल, तर हा २५ चा आकडा आला कुठून? तो अंदाज आहे. पंपांनी खरे तर १० च वापरले असतील, तर गळती १५ नसून ३० आहे. म्हणजे आकडे टाकून चोरलेली वीज, जुन्या तारा, बंद मीटर, सगळे शेतकऱ्याच्या नावाखाली झाकले गेले.

हे केवळ फळ्यावरचे उदाहरण नाही. पूर्वी वीज मंडळ आपली गळती वीस टक्क्यांच्या आत दाखवत असे. आयोगापुढे पहिल्या दर प्रस्तावाची छाननी झाली आणि २००० साली पहिला दर आदेश निघाला. त्या काळात खरी गळती तीस टक्क्यांच्याही वर असल्याचे समोर आले. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेने, त्यातही गिरीश संत या अभियंत्याने व त्यांच्या सहकाऱ्यांनी, हे आकडे बारकाईने तपासले होते. इचलकरंजीचे प्रताप होगाडे हेही शेतीचा वापर फुगवून दाखवला जातो, हा मुद्दा वर्षानुवर्षे मांडत आले आहेत. पुढे आयोगाने या वापराच्या तपासणीसाठी अभ्यासगट नेमला. तपासायची रीत साधी आहे. ज्या फीडरवर फक्त शेतीपंप आहेत, त्याच्या उपकेंद्रातील मीटरवर किती युनिट गेले ते पाहायचे आणि त्या फीडरवरील पंपांच्या एकूण हॉर्सपॉवरने भागायचे.

आमच्या भूम तालुक्यासारख्या दुष्काळी भागात याचा अर्थ फार मोठा आहे. पाच हॉर्सपॉवरचा पंप आठ तास चालला तर साधारण ३० युनिट लागतात. लाइट चारच तास आली, किंवा विहिरीत पाणीच नसले, तर? कागदावर मात्र तो आठ तास चाललेला असू शकतो. शेतकरी फुकटची वीज उधळतो, असे शहरातली माणसे म्हणतात. न मिळालेल्या विजेचाही ठपका आपल्या माणसांवर येतो, आणि त्या चुकीच्या हिशेबाचा भार शेवटी दुकानदार, पिठाची गिरणी आणि घरगुती ग्राहक यांच्या दरावर पडतो.

२०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना राज्य सरकारने मोफत वीज दिली आहे. आता मोजायचे कशाला, असे काहींना वाटेल. उलट आता मोजणे अधिक गरजेचे आहे. शेतकऱ्याच्या वाट्याचे पैसे सरकार भरते, म्हणजे तुम्हीआम्ही भरतो. ज्याच्या हाती बिल येत नाही, तो आकडा तपासायलाही जात नाही.

पण मुंबईत कफ परेडच्या कार्यालयात बसलेल्या अभियंत्याला ईटच्या शिवारात रात्री लाइट किती तास असते, हे कसे कळावे? त्याच्यापुढे येतात ते कंपनीचे कागद. तो कितीही प्रामाणिक असला, तरी न सांगितलेली गोष्ट त्याच्या कागदात येत नाही. म्हणूनच कायद्याने दर ठरवण्याआधी जाहीर सूचना देऊन लोकांच्या हरकती मागवणे बंधनकारक केले आहे. ही सूचना वर्तमानपत्रांत येते. हरकत मराठीत लिहून पाठवता येते, सुनावणीत स्वतः बोलता येते, वकील लागतोच असे नाही. एखाद्या घराची वैयक्तिक तक्रार असेल, तर कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि तिथेही समाधान झाले नाही तर विद्युत लोकपालाकडे जाता येते.

हरकत लिहिताना रागापेक्षा नोंदी कामी येतात. घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला एक वही द्या. लाइट कधी गेली, कधी आली, दर महिन्याला मीटरवर आकडा किती होता आणि बिलावर किती छापला, एवढेच लिहायला सांगा. वर्षभराची अशी एक वही दहा भाषणांपेक्षा वजनदार ठरते.

शेवटी एक गोष्ट अम्मी-अब्बांसाठी. विद्युत अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलामुलींना बहुतेकदा दोनच वाटा सांगितल्या जातात, कंपनीतली नोकरी किंवा आखातातली. ही तिसरी वाटही त्यांना सांगा. इथे तारा आणि यंत्रे यांच्या ज्ञानाबरोबर हिशेब आणि थोडा कायदा यावा लागतो. त्याहून जास्त लागते ती एक सवय: मोठ्या कार्यालयाने दिला म्हणून आकडा खरा न मानण्याची, आणि पुरावा मिळाला की तो कुणाच्या विरोधात जातो हे न पाहता मान्य करण्याची. ही सवय महाविद्यालयात शिकवली जात नाही. ती घरी लागते, दुकानात आणलेल्या सामानाचा हिशेब मुलांकडून रोज मागितला जातो तिथे.